धर्माच्या गाईचे दात

(स्नेहसंमेलनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेले भाषण. बोललो तसेच छापायला दिले आहे, फक्त पाल्हाळ थोडा कमी केला आहे.)



मला वीस मिनिटं दिली आहेत. देताना सूत्रसंचालकांनी बजावलं, "घोड्यावर बसून आल्यासारखा बोलू नकोस, सावकाश बोल." चाळीस वर्षं झाली, तरी माझी ओळख घोड्यावरून उतरायला तयार नाही. ठीक आहे. आज बोलायचंय तेही घोड्याच्याच सामानाबद्दल.

तुम्हाला माहीतच आहे की शाळेचा तबेला बरीच वर्षं बंद होता. यंदा त्यात पुन्हा चार घोडे आले आणि पहिल्या तुकडीत १२ मुलं-मुली नाव नोंदवून बसली. तेव्हा आपल्या ग्रुपवर हाक गेली, की ज्याच्या माळ्यावर घोडेस्वारीचं जुनं सामान पडलं असेल त्यानं संमेलनाला येताना घेऊन यावं, मुलांना उपयोगी पडेल. तुम्ही मनापासून प्रतिसाद दिलात. परवा रात्रीपर्यंत तीन खोगिरं, नऊ हेल्मेटं, सात जोड बूट, लगाम, तंग, रिकिबी, खरारे असा ढीग जमला. आणि तो निवडायचं काम माझ्याकडे आलं.

काल सकाळी मी त्याचे दोन भाग केले. या सभागृहाच्या मागच्या भिंतीशी दोन टेबलं आहेत. डावीकडचं सामान मुलांना देण्यासारखं, उजवीकडचं न देण्यासारखं. उजवीकडचं टेबल जास्त भरलं. त्यावरून काल जेवताना थोडी कुरबुर झाली, ती माझ्या कानावर आली. एक मित्र म्हणाला, "आम्ही फुकट देतोय आणि हा दात मोजतोय. धर्माची गाय आणि दात का नाय!" नाव सांगत नाही, समोरच बसलाय आणि हसतोय.

त्याचं म्हणणं चूक नाही. धर्माच्या गाईचे दात घेणाऱ्यानं मोजू नयेत, हे खरंच आहे. पण म्हणून ते कुणीच मोजायचे नाहीत का? माझं म्हणणं एवढंच आहे की ते देणाऱ्यानं मोजावेत. घोड्याच्या सामानाच्या बाबतीत तर मोजलेच पाहिजेत, कारण घेणारं पोर शिकाऊ असतं. गाईला दात असतात हेच त्याला अजून ठाऊक नसतं.

हे मी पुस्तक वाचून सांगत नाही. दोन गोष्टी सांगतो. दोन्ही माझ्याच आहेत. एक मला मिळालेल्या वस्तूची, दुसरी मी दिलेल्या वस्तूची.

आपण आठवीत होतो, म्हणजे १९८३-८४ चं साल. सकाळी साडेसहाला मैदानापलीकडे रपेट असायची. आपले रिसालदार सर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "तुम्ही सगळे बारगीर." त्याचा अर्थ त्यांनी समजावून सांगितला होता, काहींना आठवत असेल. मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणि स्वतःचं सामान घेऊन येतो तो शिलेदार, आणि ज्याला घोडा, सामान सरकारातून मिळतं तो बारगीर. सभासद बखरीत तर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, असा हिशेबच दिलेला आहे. सर म्हणायचे, "बारगीर चांगला निघाला नाही तर दोष आधी पागेचा, मग त्याचा." आपण तेव्हा ते ऐकलं आणि सोडून दिलं.

घोडा, खोगीर, लगाम शाळेचे. बूट मात्र ज्याचे त्यानं आणायचे. माझे वडील एसटीत कंडक्टर. घरात आम्ही चौघं भावंडं. स्वारीचे बूट ही गोष्ट घरी बोलण्यासारखीसुद्धा नव्हती. मी पहिले पंधरा दिवस कॅनव्हासच्या बुटांवर गेलो. रिसालदार सर मला फक्त चालवायचे, दुडकी चाल करू द्यायचे नाहीत. मला वाटायचं, गरीब म्हणून मागे ठेवतात. एकदा रागानं विचारलंही. त्यांनी माझा पाय हातात धरला आणि रिकिबीत घातला. सपाट तळव्याचा बूट सरळ आरपार घोट्यापर्यंत गेला. म्हणाले, "असा पाय अडकला आणि तू पडलास, तर घोडा तुला फरफटत नेईल. टाच असती तर पाय इथंच अडला असता. टाच आण, मग दुडकी."

ही गोष्ट दहावीतल्या एका मुलानं ऐकली. दोन दिवसांनी त्यानं मला त्याचे जुने बूट आणून दिले. त्याला ते लहान झाले होते, मला मोठे होत होते. पुढे कापूस कोंबून मी ते घातले. "परत देऊ नकोस, पुढं दे," एवढंच तो म्हणाला. त्या बुटांवर मी तीन वर्षं बसलो. माझी मांड पक्की झाली ती त्या बुटांनी. पुढे आयुष्यात जे काही थोडं धाडस केलं, त्याची सुरुवात मला तिथं दिसते.

त्या बुटांची एक बारीक गोष्ट तेव्हा डोळ्यांना दिसली होती, डोक्यात शिरली नव्हती. वरचं कातडं जुनं, घड्या पडलेलं, फिकट. टाचा मात्र कोऱ्या. नवे खिळे चमकत होते. म्हणजे सोळा वर्षांच्या त्या मुलानं मला बूट देण्याआधी ते बाजारपेठेतल्या चांभाराकडे नेले होते आणि स्वतःच्या खाऊच्या पैशातून नव्या टाचा ठोकून घेतल्या होत्या. मला त्यातलं काही सांगितलं नाही.

दहावी झाल्यावर मी ते बूट आठवीतल्या एका मुलाला दिले. तीन वर्षांत टाचा पुन्हा झिजल्या होत्या. मी त्या बसवून दिल्या नाहीत. ब्रश मारला, पॉलिश केलं, आणि मोठेपणानं म्हणालो, "परत देऊ नकोस, पुढं दे." वाक्य तेवढं उचललं, टाचा विसरलो. त्या मुलाला काही झालं नाही, हे पुण्य माझं नव्हे. ते घोड्याचं.

आता दुसरी गोष्ट. ही मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

पाटबंधारे खात्यात लागल्यावर पहिल्या काही वर्षांच्या बचतीतून मी पुण्यात एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्यांकडून जुनं खोगीर विकत घेतलं. कानपुरी बनावटीचं. खोगीर आणि चामड्याच्या सामानासाठी कानपूरचं नाव इंग्रजांच्या काळापासून आहे, लष्कराचा खोगिरांचा कारखानाच तिथं होता. ते खोगीर उत्तम होतं. त्यावर मी रविवारी-रविवारी बसायचो. मग माझी बदली रत्नागिरीला झाली आणि घोडा सुटला. खोगीर घराच्या माळ्यावर गेलं, त्याच्या रिकिबी आणि रिकिबीच्या वाद्यांसकट. तिथं त्यानं कोकणातले चार पावसाळे काढले.

१९९९ मध्ये माझी भाची १२ वर्षांची होती. तिनं सुटीत घोडेस्वारीचा वर्ग लावला. मला कोण आनंद! घरात दुसरं कुणीतरी घोड्यावर बसणार होतं. मी माळ्यावरून खोगीर काढलं. पांढरी बुरशी आली होती, ती पुसली. तेल लावलं, पॉलिश केलं. दोन संध्याकाळी घासत बसलो होतो. आरशासारखं चकाकायला लागलं. ताईकडे घेऊन गेलो तेव्हा भाची त्याला गळ्यात पडावं तशी बिलगली.

दहाव्या की अकराव्या दिवशी, दुडकी चालीतून घोडा जरा वेग घेत असताना, डाव्या रिकिबीची वादी बकलाजवळ सुटली. कातडं तुटलं नव्हतं, शिवण उसवली होती. आतला दोरा कुजून गेला होता. माझ्या तेलानं आणि पॉलिशनं कातडं चकाकलं होतं, दोऱ्याचं काही झालं नव्हतं. उलट पॉलिशनं ती शिवण झाकून टाकली होती. डावा पाय एकदम हवेत गेला आणि पोर डाव्या अंगावर आपटली. गळपट्टीचं हाड मोडलं, मनगट मोडलं. डोक्यावर वर्गाचं हेल्मेट होतं, म्हणून एवढ्यावर निभावलं.

ताई मला एक शब्द बोलली नाही. हाडं दीड-दोन महिन्यांत जुळली. पण घोडा सुटला तो सुटलाच. मी दोनदा विचारलं, तिनं मान हलवली. तिसऱ्यांदा विचारायची हिंमत झाली नाही. मी तिला खोगीर देत नव्हतो, माझा आनंद देत होतो. आणि आनंदाच्या भरात मी फक्त वरची बाजू पाहिली.

तर मित्रांनो, उजवीकडचं टेबल असं भरलं आहे. आता एकेक वस्तू घेतो, म्हणजे कुणाच्या मनात किंतू राहणार नाही.

आधी हेल्मेट. नऊ आली, आठ उजवीकडे गेली. त्यांतली तीन तर नव्यासारखी दिसतात, म्हणून राग येणं साहजिक आहे. पण हेल्मेटचं काम वरचं कवच करत नाही, आतला फेस करतो. थर्माकोलच्या जातीचाच तो फेस असतो. डोकं आपटलं की तो दबतो, आणि दबताना मार स्वतःवर घेतो. हे काम तो एकदाच करतो. एकदा दबलेला पुन्हा फुगत नाही. बाहेरून ओरखडाही दिसणार नाही आणि आतून हेल्मेट संपलेलं असेल. शिवाय घाम, ऊन, वय यांनीही ते खराब होतं. गाडीच्या डिकीत उन्हाळाभर ठेवलेलं हेल्मेट तसंच. बहुतेक बनवणारे साधारण ५ वर्षांनी बदला म्हणतात, आणि डोक्यावर पडल्यास त्याच दिवशी. आपल्या नऊपैकी एकाच हेल्मेटची खरेदीची पावती होती, दोन वर्षांपूर्वीची, आणि ते कधी पडलेलं नाही असं देणारीनं स्वतः सांगितलं. ते डावीकडे आहे. बाकी आठांचा इतिहास कुणालाच सांगता आला नाही. ज्याचा इतिहास ठाऊक नाही ते हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवायचं नाही, एवढा साधा नियम.

त्या आठांत दोन मखमली टोप्या आहेत, जुन्या पद्धतीच्या. दिसायला फार सुंदर. शाळेच्या कपाटात काचेमागे ठेवू. एक सायकलचं हेल्मेट आहे, एक क्रिकेटचं. प्रत्येक खेळात पडण्याची तऱ्हा वेगळी आणि हेल्मेटही त्या हिशेबानं केलेलं असतं. घोड्यावर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून सात-आठ फुटांवर असतं, आणि खाली चार नाल असतात. स्वारीच्या हेल्मेटवर आत ए.एस.टी.एम. एफ-११६३ किंवा पास ०१५ अशा मानकाचं लेबल असतं, ते पाहून घ्यायचं.

आणि एक विनंती. नाकारलेलं हेल्मेट तसंच भंगारात टाकू नका. आधी पट्टे कापा. नाहीतर ते दुसऱ्या कुणा पोराच्या डोक्यावर जाऊन बसेल.

आता खोगीर. तीन आली. एक डावीकडे, एक दुरुस्तीला, एक उजवीकडे. खोगिराच्या आत एक सांगाडा असतो. तो शाबूत तर खोगीर शाबूत. कसा पाहायचा, सांगतो. खोगिराचं पुढचं टोक पोटाशी टेकवायचं, मागचं टोक दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढायचं. किंचित लवलं तर चालतं. पण मधेच घडी पडायला लागली, बैठकीवर आडव्या सुरकुत्या आल्या, आतून कुरकुर ऐकू आली, की समजायचं, सांगाडा मोडला आहे. असं खोगीर स्वाराला तर वाईटच, पण घोड्याच्या पाठीत रोज टोचत राहतं, आणि घोडा बोलू शकत नाही. बोलतो तेव्हा उधळून बोलतो.

खोगीर उलटं करून खालच्या गाद्याही हातानं चाचपायच्या. आतली लोकर गोळे होऊन बसली असेल तर ती काढून नव्यानं भरावी लागते. खोगीरभरती हा शब्द आपण निरुपयोगी भरताडाला वापरतो. पण खऱ्या खोगिरात भरती नीट नसेल तर घोड्याच्या पाठीला जखम होते. दुरुस्तीला ठेवलेलं खोगीर याच कारणासाठी आहे, त्याला काही नाकारलेलं नाही.

आणि शाबूत खोगीरसुद्धा प्रत्येक घोड्याला बसतंच असं नाही. मानेच्या मुळाशी पाठीवर जो उंचवटा असतो, त्याच्या आणि खोगिराच्या मध्ये दोन-तीन बोटं मोकळी राहायला हवीत, स्वार बसल्यावरसुद्धा. म्हणून डावीकडचं खोगीर चारही घोड्यांवर ठेवून पाहिलं. दोघांना बसलं. त्या दोघांनाच वापरायचं, असं त्यावर लिहून ठेवलं आहे.

मग वाद्या, तंग, लगाम, म्हणजे एकूण कातडी सामान. यात मी सगळ्यात कडक आहे, का ते तुम्हाला आता कळलं. कातडं पाहायचं ते दुमडून. घडीवर बारीक भेगा उमटल्या तर ते आतून वाळलं आहे. शिवण पाहायची ती नखानं आणि ओढून, आधी पुसून, पॉलिश लावायच्या आधी. बकलाजवळ, जिथं कातडं वळतं तिथं, सगळा ताण येतो. तंगाची बकलं गंजलीत का, भोकं ओढून लांबट झालीत का, इलॅस्टिक ढिलं पडलंय का, तेही पाहायचं. तंग सुटला की खोगीरच फिरतं.

रिकिबीच्या वाद्यांची एक गंमत सांगतो. जुन्या जोडीत डावी वादी जवळजवळ नेहमी थोडी लांब निघते. आपण सगळे डावीकडून चढतो, सगळा भार त्या एकीवर येऊन ती ताणली जाते. भोकं मोजून दोन्ही बाजू सारख्या लावल्या तरी शिकाऊ पोर एका अंगाला झुकून बसतं, आणि आपण त्याला ओरडतो, "सरळ बस!" पोर सरळच असतं, वादी वाकडी असते. म्हणून देण्याआधी दोन्ही शेजारी-शेजारी टांगून मापायच्या. आणि वापरताना अधूनमधून डावी उजवीकडे, उजवी डावीकडे करायची.

रिकीब लोखंडी, ती शंभर वर्षं टिकेल. पण माप मुलाच्या बुटाचं हवं. बुटाच्या रुंद भागापेक्षा एकूण इंचभर जास्त, म्हणजे दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच. त्याहून अरुंद असेल तर पाय अडकतो, फार रुंद असेल तर आरपार जातो. मोठ्या माणसाची सुंदर रिकीब लहान मुलाला धोक्याची, ती या कारणानं. ज्या रिकिबीला बाहेरून रबर असतं, पडताना ते सुटून पाय मोकळा व्हावा म्हणून, तिचं रबर मात्र वाळून तडकतं. रबर नवं घालून द्या. आणि खोगिराला वादी जिथं अडकवतो, तिथं एक छोटी कडी असते. स्वारी करताना ती उघडीच ठेवायची असते, म्हणजे पाय अडकलाच तर वादी निसटून येते. एका खोगिराची ती कडी गंजून बंद झाली होती. तेल घालून मोकळी केली.

बूट. सातांपैकी पाच जोड डावीकडे आहेत आणि मला त्याचा फार आनंद आहे. जुन्यात द्यायला बुटांसारखी दुसरी वस्तू नाही. मुलांचे पाय वर्षभरात वाढतात, बूट झिजायच्या आत लहान होतात. शिवाय जुना बूट घोट्यात मऊ झालेला असतो, नव्यासारखा फोड आणत नाही. फक्त टाच पाहायची, साधारण इंचभराची, कडा धरलेली. आणि तळवा वाकवून पाहायचा, डिंक सुटलाय का. पाचही जोडांना काल संध्याकाळी बाजारपेठेत नव्या टाचा बसवून घेतल्या. चांभार आता त्या वेळचे नाहीत, त्यांचा मुलगा बसतो. त्यानं पाचांचे पैसे घेतले, पण मी का हसतोय ते त्याला कळलं नाही.

ब्रीचेस, जोधपुरी, हातमोजे हे सगळं धुऊन डावीकडे गेलं. जोधपूरच्या सर प्रताप सिंहांनी १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला जाताना ही विजार इंग्लंडात नेली असं सांगतात. आज आपली मुलं जीन्स घालून येतात आणि आतल्या शिवणीनं मांड्या सोलून घेतात. तेव्हा कपडे जरूर द्या.

खरारे आणि ब्रश आले आहेत, तेही छान आहेत. पण ते आणि लगामाचं तोंडातलं लोखंड आधी नीट धुऊन, जंतुनाशकातून काढून मगच तबेल्यात जाईल. गजकर्णासारखा बुरशीचा रोग एका घोड्यावरून दुसऱ्यावर जायला ब्रश पुरेसा असतो, आणि तो घोड्याकडून माणसालाही होतो. ग्लँडर्ससारख्या भयंकर रोगातही सामाईक सामान धोक्याचं असतं. चार नवे घोडे आले आहेत, त्यांना आपल्या प्रेमाबरोबर आजार नको. कोणतं लोखंड कोणत्या घोड्याच्या तोंडाला, हे शिकवणारे सरच ठरवतील. त्यात आपण पडायचं नाही.

आता कसं द्यायचं, यावर दोनच गोष्टी सांगून संपवतो.

पहिली, वस्तूबरोबर चिठ्ठी द्या. कधी घेतली, कुणी वापरली, कधी पडली, काय दुरुस्त केलं, आणि काय खराब आहे. खराब काय आहे ते लिहायला लाजू नका. माझ्या त्या खोगिराला जर मी चिठ्ठी लिहायला बसलो असतो, तर "चार पावसाळे माळ्यावर" एवढं लिहितानाच हात थांबला असता. मग मी ते कुणा जाणकाराला दाखवलं असतं. शिकवणाऱ्यांनी पाहायला हवं होतं असं तेव्हा घरचे म्हणाले. पण मी मामा म्हणून दिलं होतं, आणि मामानं दिलेल्या वस्तूवर कोण शंका घेतो? म्हणून तपासायचं काम माझंच होतं.

दुसरी, वस्तू मुलाच्या हातात परस्पर देऊ नका. तबेल्याच्या प्रमुखांकडे द्या. मुलाच्या हातात दिली की ते उपकाराखाली येतं. बूट चावतोय, रिकीब अरुंद आहे, हे ते सांगत नाही, काकांना वाईट वाटेल म्हणून. मीही आठवीत कापसाचं कुणाला सांगितलं नव्हतं.

राहिला प्रश्न उजवीकडच्या टेबलाचा, म्हणजे हेल्मेटांचा. चार घोडे, म्हणजे एका वेळी चार मुलं. तीन मापांची मिळून आठ हेल्मेटं पुरतील. एक आहे. सात नवी घ्यायची. काल आपण सगळ्यांनी फेटे बांधून घेतले, फार शोभून दिसलो. त्या फेट्यांच्या पैशांत तीन हेल्मेटं आली असती. मी काही कुणाचा फेटा उतरवत नाही. पण दाराशी एक पेटी ठेवली आहे. जुनं द्या म्हणून हाक आली होती. माझी हाक अशी आहे, की जे जुनं चालतं ते जुनं द्या आणि जे जुनं चालत नाही ते नवं द्या. रिसालदार सर आज आपल्यात नाहीत. ते म्हणायचे, दोष आधी पागेचा. आता पागा आपण आहोत.

शेवटी एक सांगतो आणि बसतो. ती माझी भाची आता एकोणचाळीस वर्षांची आहे. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. म्हणाली, "मामा, माझ्या पोरीला घोड्यावर बसायचंय. तुझ्यावर गेलीये." मी गप्प झालो. काय बोलावं कळेना. मग तीच म्हणाली, "बूट कुणाचे तरी जुने बघ, चालतील. हेल्मेट मात्र तू नवं घेऊन दे. आणि रिकिबीच्या वाद्या मी स्वतः बघणार आहे, हं."

मी म्हटलं, "बघ बाई. दोनदा बघ."

परवा तिच्या मुलीसाठी जुने बूट मिळाले. आधी टाचा बसवायला टाकले आहेत.